अप्पांचा सीपीयू आणि गल्लीतले उंटावरचे शहाणे

अगं, ऐकलंस का? समोरच्या अप्पांच्या फायली मिळाल्या! परवा मध्यरात्रीपर्यंत त्यांच्याकडे दिवा जळत होता ना, तो त्यासाठीच. तुला काय वाटलं, माईंना बरं नाही? छे गं, माई ठणठणीत आहेत. उलट त्याच सगळ्यांना कॉफी करून घालत होत्या. जरा अलीकडे ये. भिंतीला टेकू नकोस, शेवाळ धरलंय तिथे. आणि भाजी टाकली असशील तर गॅस बारीक करून ये, हे काही दोन मिनिटांत संपणारं नाही.

झालं असं की अप्पांचा तो जुना कॉम्प्युटर एक दिवस सकाळी रुसला. बटण दाबलं की पंखा घुरघुरतो, कंपनीचं नाव झळकतं आणि मग काळा पडदा. त्यावर इंग्रजीत एक ओळ, की सुरू व्हायला लागणारी डिस्कच सापडत नाही. अप्पांची पाचावर धारण बसली. त्यांना कॉम्प्युटरचं काही नाही गं, तो कधीच भंगारात जायला हवा होता. पण आत काय काय होतं! तू या घरात अलीकडे आलीस, तुला ठाऊक नाही. अप्पा ऐंशीच्या दशकात पुण्याहून इथे मद्रासला आले ते इस्टेटमध्ये नोकरीला. 1964 साली ही अंबत्तूरची इंडस्ट्रियल इस्टेट उभी राहिली, आणि मग लेथवाले, टूलरूमवाले, फौंड्रीवाले चारी दिशांनी आले. आमचे हे पण त्यातलेच. पण अप्पांना लोखंडापेक्षा छपाईचा नाद. नोकरी सांभाळून घरी डीटीपी करायचे. आपल्या मंडळाच्या गणपतीच्या सगळ्या स्मरणिका त्यांनी त्या एका मशीनवर जुळवल्या. गेलेल्या माणसांवरचे लेख, मुलांची चित्रं, जाहिराती, वर्गणीदारांच्या याद्या. शिवाय त्यांच्या घराण्याची वंशावळ, लेकीच्या लग्नाचे फोटो. सगळं त्या एका डब्यात.

आणि मग काय, गल्लीतले उंटावरचे शहाणे जमा झाले.

पहिला तो कोपऱ्यावरचा दुकानदार. नाव नको घ्यायला, उद्या आपल्यालाच त्याच्याकडे आधारची प्रिंट काढायला जायचंय. त्याने येऊन बघितलं न बघितलं आणि म्हणाला, "विंडोज नवीन टाकतो अप्पा, अर्ध्या तासात मशीन चकाचक." अप्पा खूश! पण माई हुशार. त्यांनी विचारलं, "आणि आतलं?" तर म्हणतो, "सीमधलं जाईल, डीमधलं राहील." आता बघ, हे अर्धं खरं, म्हणून जास्त घातक. डेस्कटॉपवर आपण जे ठेवतो ना, आणि ते डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स वगैरे, ते सगळं मुळात सीमध्येच असतं. अप्पांचा अख्खा संसार डेस्कटॉपवर मांडलेला! आणि डी सुरक्षित कसला? सी आणि डी म्हणजे एकाच डिस्कचे पाडलेले दोन वाटे. डिस्कच बसली तर दोघंही एकदम जातात. तुझ्या नवऱ्याला सांग हे. टॅली सीमध्ये आणि त्याचा बॅकअप डीमध्ये ठेवून निर्धास्त झोपत असेल तो सौकारपेठच्या दुकानात.

ठेवतो? बघ, म्हटलं नव्हतं!

दुसरे आपले शेवटच्या घरातले रिटायर्ड सर. त्यांचा सल्ला, डिस्क पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. हसू नकोस, खरंच म्हणाले. ही जुनी युक्ती लोकांच्या डोक्यातून जातच नाही. कधीकाळी एखाद्या अडकलेल्या डिस्कला थंडीने सैल पडून चार मिनिटं जीव आला असेल, नाही कोण म्हणतं. पण मद्रासच्या या दमट हवेत फ्रीझरमधून काढलेल्या वस्तूला कसा घाम फुटतो, तुला वेगळं सांगायला नको. तो घाम आतल्या तबकड्यांवर धरला की संपलं. फिरत्या तबकडीवरून वाचणारी सुई, हेड म्हणतात तिला, ती तबकडीला टेकत नाही, काही नॅनोमीटर वर तरंगते. मधे धुळीचा कण आला तरी ती आपटते. म्हणून तर ते झाकण घरात कधी उघडायचं नसतं. माईंनी मात्र सरांना एका वाक्यात गप्प केलं, "फ्रीझरमध्ये खोबरं आहे, जागा नाही."

आणि तिसरे आमचे हे. त्यांना कुठलंही मशीन दिसलं की हात शिवशिवतात. त्यांनी खोडरबर मागितलं. म्हणे, रॅम काढायची, तिच्या खालच्या सोनेरी पट्ट्या रबराने पुसायच्या, परत बसवायची, मशीन चालू. आता हा उपाय खोटा नाही हं. इथल्या खाऱ्या हवेने त्या पट्ट्यांवर मळ चढतो, पडदा काहीच दाखवत नाही, नुसतं पी-पी वाजतं, तेव्हा रबर खरंच चालतं. पण इथे कंपनीचं नाव नीट येत होतं, म्हणजे रॅमचा काही दोष नव्हता. यांनी तरी पुसलीच. तेवढ्यात तुझा नवरा आला होता, सांगितलं नाही तुला? त्याने ती पट्टी हातात घेऊन उजेडात धरली, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "काकू, मुलामा आहे, पण किती पातळ बसवलाय!" शेवटी सोनं गाळणाऱ्या गलाईवाल्याचं पोर. विट्याचा माणूस जगाच्या पाठीवर कुठेही जावो, पिवळं दिसलं की कस लावणारच.

खरा शहाणा आला संध्याकाळी. माझा भाचा गं, इथेच आयटी पार्कात आहे तो. आल्या आल्या म्हणाला, "आता कुणी बटण दाबू नका." दिवसभर सगळ्यांनी मिळून ते बटण किती वेळा दाबलं असेल, देव जाणे. मग त्याने अप्पांना एकच प्रश्न विचारला. "अप्पा, मशीन दुरुस्त करायचंय की फायली काढायच्यात?" अप्पा म्हणाले, दोन्ही. तो म्हणाला, "मग आधी फायली. मशीन नंतर भंगारात गेलं तरी चालेल." मला हे फार पटलं बघ. सगळे शहाणे मशीनच्या मागे लागले होते, आणि मशीन सुधारायच्या नादातच फायली जातात. विंडोज आपणहून डिस्क तपासायला लागतं, दुरुस्त करू का म्हणून विचारतं, आपण हो म्हणतो, आणि आधीच आजारी असलेल्या डिस्कवर ते आणखी लिहीत बसतं. जिथून काढून घ्यायचंय तिथे एक अक्षरही लिहायचं नाही, असं त्याचं म्हणणं.

मग त्याने डब्याला कान लावला. खरंच, कान! आतून टक्-टक् असा आवाज येत असेल, तर म्हणे लगेच बंद करायचं आणि थेट डेटा रिकव्हरीच्या लॅबमध्ये न्यायचं. ते लोक धूळ गाळलेल्या हवेत डिस्क उघडतात, खर्च दणदणीत असतो, आणि तोवर घरी जितका खेळ करशील तितकं त्यांनाही कमी सापडतं. अप्पांच्या डिस्कचा तसा आवाज नव्हता. नशीब.

त्याने खिशातून पेनड्राइव्ह काढला. त्यात उबुंटू होतं. म्हणजे विंडोजच्या जागी चालणारं दुसरं, फुकटचं. एफ-बारा दाबून मशीनला सांगितलं, डिस्क सोड, या पेनड्राइव्हवरून उठ. आणि उठलं की! अप्पांच्या डोळ्यांत पाणी. तिथे दोन पर्याय येतात. एक नुसतं चालवून बघायचं आणि दुसरं डिस्कवर बसवायचं. दुसऱ्यावर बोट पडलं की अप्पांच्या स्मरणिका पुसून तिथे उबुंटू बसलं असतं. भाच्याने पहिला निवडला. पडद्यावर अप्पांची डिस्क दिसली, फोल्डरही दिसले. 'नवीन', 'नवीन दोन', 'नवीन अंतिम', 'अंतिम खरोखर'. भाचा एक एक उचलून बाहेरच्या डिस्कवर टाकायला लागला. माईंनी साखर वाटायला घेतली, तेवढ्यात 2009 च्या फोल्डरवर गाडी अडली. कॉपीची पट्टी जागची हलेना. आणि आता मात्र आतून बारीक खरखर.

मला वाटलं, थांबू थोडं, जाईल पुढे. पण भाच्याने तिथल्या तिथे बंद केलं. म्हणाला, खराब झालेल्या जागी तीच ओळ ते पुन्हा पुन्हा वाचायला बघतंय, आणि तेवढ्यात बाकीची चांगली डिस्कही मरते. वर अप्पांच्या डब्याचा तो वीजपुरवठा, एसएमपीएस म्हणतात त्याला, तोही मधेच दम टाकत होता. मग डिस्क बाहेरच काढली. बाजूचा पत्रा उघडला तेव्हा काय निघालं असेल? वाळलेलं गंध! आयुधपूजेला इथे यंत्रांना चंदन-कुंकू लावतात ना, आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रांना लावतात तसं. माई दरवर्षी भक्तिभावाने हवेच्या जाळीवरच लेपत होत्या. निम्मी भोकं बुजलेली. आत पालीची अंडीही होती, पण ते जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी भाचा आणि हे गेले रिची स्ट्रीटला. अंबत्तूरहून लोकलने सेंट्रल, तिथून मेट्रोने पुढचंच स्टेशन, गव्हर्नमेंट इस्टेट, आणि मग चालत. तू बघच एकदा ती गल्ली. वायरींचे, चिपांचे, जुन्या बोर्डांचे ढीग, आणि प्रत्येक दुकानदाराला सगळं तोंडपाठ. डिस्क यूएसबीला जोडायची केबल घ्यायची होती. तिथे यांनी स्वस्त बघून एक उचलली, भाच्याने परत ठेवायला लावली. कारण लॅपटॉपची छोटी डिस्क यूएसबीच्या विजेवर चालते, पण टेबलावरच्या मशीनची मोठी, साडेतीन इंची, तिला बारा व्होल्टचा वेगळा अॅडॅप्टर लागतो. तो नसला की डिस्क फिरतच नाही, आणि लोक समजतात मेली. चांगली जिवंत डिस्क अशी किती जणांनी फेकली असेल! बरं, घेताना नवीन डिस्कही जुनीपेक्षा मोठीच घेतली, कारण आता फायली वेचायच्या नव्हत्या, अख्खी डिस्क जशीच्या तशी उतरवायची होती.

त्यासाठी एक फुकटचा प्रोग्रॅम असतो, डीडीरेस्क्यू नावाचा. मी शेजारी बसून बघितलं, मला भारी आवडला. आपण तांदूळ निवडताना काय करतो? आधी स्वच्छ दाणे भराभर एकीकडे ओढतो आणि खड्यांचा घास शेवटी राखून ठेवतो. तसंच ते. पहिल्या फेरीत जिथे सहज वाचता येतं तेवढं उतरवून घेतं, अडलं की तिथे खूण करून पुढे उडी. मग परत येऊन त्या खुणेच्या जागा कडेकडेने कुरतडतं. आणि कुठवर झालं याची नोंद एका वहीत, म्हणजे फायलीत, लिहीत जातं. ही नोंद किती मोलाची ते रात्री कळलं. ऐन वेळी करंट गेला. ईबीला, म्हणजे वीज मंडळाला, फोन कोण करणार! भाच्याचा लॅपटॉप बॅटरीवर चालू, पण डिस्कचा अॅडॅप्टर भिंतीत, त्यामुळे डिस्क बंद. अप्पा मटकन खाली बसले. करंट आला, भाच्याने तीच आज्ञा पुन्हा दिली, आणि ते सोडलेल्या जागेपासून पुढे चालू झालं. तोच तो दिवा तू बघितलास.

शेवटी थोड्याशाच जागा राहिल्या ज्या काही केल्या वाचल्या नाहीत. जुनी डिस्क पिशवीत घालून वर ठेवून दिली. पुढचं सगळं नकलेवर. लग्नाच्या फोटोंच्या फोल्डरचं नावगाव हरवलं होतं, ते फोटोरेक नावाच्या दुसऱ्या एका फुकट प्रोग्रॅमने शोधले. ते फायलीचं नाव विचारतच नाही, फोटो कसा सुरू होतो ते ओळखून उचलतं. त्यामुळे फोटो आले सगळे, पण नावांच्या जागी लांबलचक आकडे. आता माई बसल्यात चष्मा लावून, नवरामुलगा कुठल्या आकड्यात आहे ते शोधत.

पण खरी गंमत पुढे. भाच्याने पहिली स्मरणिका उघडली आणि पडद्यावर नुसती गिचमीड! इंग्रजी अक्षरं, टिंबं, कंस, डॉलरची चिन्हं. अप्पा म्हणाले, "सडली." भाच्यालाही कळेना, तो आपला युनिकोडच्या जमान्यातला. कळलं कोणाला? अप्पांनाच, कॉफीचा दुसरा घोट घेतल्यावर. अगं, त्या काळी मराठी अक्षरांना कॉम्प्युटरमध्ये स्वतःची जागा कुठे वापरात होती? युनिकोडने 1991 मध्येच देवनागरीला घरं दिली होती, पण आपल्या डीटीपीवाल्यांच्या मशीनवर ते पोचायला बराच काळ गेला. तोवर पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी, सीडॅकचं आयएसएम, आकृती असा सगळा कारभार. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. इंग्रजी अक्षराच्या घरात मराठी अक्षर भाडेकरू म्हणून राहायचं. तो फॉन्ट मशीनमध्ये असेल तर 'गणपती' दिसतो, नसेल तर खालचं इंग्रजी उघडं पडतं. फाइल सडलेली नव्हती, फॉन्ट नव्हता.

आणि फॉन्ट कुठे? त्या जुन्या डिस्कवरच, विंडोजच्या आत फॉन्ट्स नावाच्या फोल्डरात. तो फोल्डर कुणाच्या लक्षात राहणार! नुसते डॉक्युमेंट्स उचलून मोकळे झाले असते आणि डिस्क इथल्या भोगीच्या होळीत टाकली असती तर सगळं हातात असून आंधळ्यासारखं झालं असतं. अख्खी डिस्क उतरवल्याचा फायदा तो. भाच्याने फॉन्ट काढून लॅपटॉपमध्ये टाकले आणि एका क्षणात अख्खं पान मराठी. तुला सांगते, अंगावर काटा आला. पहिल्याच पानावर मंडळाच्या जुन्या अध्यक्षांचा लेख होता. पेजमेकरमधल्या फायली मात्र अजून तशाच आहेत. पेजमेकरची शेवटची आवृत्ती 2001 ची, आता ते चालवायला तसंच जुनं मशीन शोधायला हवं. अप्पा कामाला लागलेत.

तुझं काय म्हणतेस, नवीन लॅपटॉप आहे, आम्हाला काय भीती? भाच्याला मी तेच विचारलं. तो म्हणाला, नव्यात उलटी भानगड आहे. आता विंडोज अकरामध्ये पुष्कळ लॅपटॉपची डिस्क आपोआप कुलूपबंद होते, बिटलॉकरचं कुलूप. चोरापासून बचाव म्हणून चांगलंच आहे. पण मशीन बिघडलं, डिस्क काढून दुसऱ्याला लावली, की ती अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली मागते. किल्ली नसेल तर भाचाही नाही आणि लॅबवालाही नाही. 2024 च्या जुलैत झालं होतं बघ, 19 तारखेला, विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून देत होते. क्राउडस्ट्राइकच्या एका चुकीच्या अपडेटने जगभरात 85 लाख मशीनं पडली होती. त्यातल्या फायलींना धक्काही नव्हता, एक फाइल पुसली की मशीन उठायचं. पण पुष्कळ ऑफिसांत डिस्कला कुलूप, आणि किल्ल्या शोधता शोधता लोकांच्या नाकीनऊ आले. तुझी किल्ली बहुतेक तुझ्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असेल. लॉगिन करून बघ आणि उतरवून ठेव. खातं कोणाच्या ईमेलवर आहे? दुकानातल्या पोराच्या? अगं बाई!

आणि पाणी आलं तर? ते वेगळंच प्रकरण. डिसेंबर 2023 मध्ये, मिचाँग वादळात, तू तेव्हा विट्यालाच होतीस, इथे इस्टेटच्या कारखान्यांत पाणी शिरलं होतं, लोकांची मशीनं भिजली. भिजलेलं मशीन चालू करून बघायचा मोह होतो, तोच आवरायचा. तांदळात वगैरे ठेवून काही होत नाही, तांदूळ वाया जातो एवढंच. अप्पांचा डबा तेव्हा माईंनी शिलाई मशीनवर चढवून ठेवला होता, म्हणून तर आज हे सगळं बोलतोय आपण.

आता मुख्य गोष्ट, आवाज हळू ठेव. त्या 'अंतिम खरोखर' फोल्डरात स्मरणिका नव्हत्याच. एक यादी होती. गल्लीत कोणी काय उसनं नेलं आणि परत केलं नाही, त्याची. तारीखवार! माझं नाव होतं, चटणीचं भांडं, मिक्सरचं. मी म्हटलं, अहो अप्पा, ते भांडं मीच तुम्हाला दिलं होतं. तर म्हणतात, नोंद आहे. तुझ्या सासूबाईंचंही आहे, नारळाची किसणी, 2011. काय, अजून तुमच्याकडेच आहे? देऊन टाक, गुपचूप दे. कारण भाच्याने ती यादी युनिकोडमध्ये करून दिली, आणि अप्पा म्हणतात, आता ती मंडळाच्या ग्रुपवर टाकायला सोपी झाली.